विहिरीचं निमित्त

केशवराव मोर्शीला मोटारीतून उतरले तेव्हा घरची बैलांची दमणी त्यांना न्यायला आली नव्हती. अकोल्याहून ते यायचे तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज दुरूनच कानावर पडायचा. आज चार मैल पायी चालावं लागलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबिया बहाराची संत्री पिकून लोंबत होती. तोडणीला आलेल्या बायांनी त्यांना ओळखलं, पण 'डाक्टरसायेब' म्हणून कोणी हाक दिली नाही. घरातली गोष्ट बगीच्यात पोचली होती.

थोरले भाऊ भगवंतराव बैठकीत एकटेच बसले होते. त्यांच्यापुढं तरटावर एक इंग्रजी मासिक पडलं होतं. पंजाबरावांनी ते अकोल्याहून पाठवलं होतं, आणि निरोप दिला होता की सोमवारी येतो, तेव्हा याबद्दल बोलू. हेच पंजाबराव भगवंतरावांच्या लेकीचे, शकुनचे होणारे सासरे. सोमवार आजच होता.

"हे तूच लिहिलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"हो, दादा."

"मले इंग्रजी येत नाई. काय लिहिलं ते सांग."

केशवरावांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता त्यांच्या आवाजात नकळत उत्साह आला. अकोल्याच्या दवाखान्यात अकरा वर्षांत त्यांनी असे एकतीस रोगी पाहिले होते. बहुतेक तरुण पुरुष. विसाव्या-बाविसाव्या वर्षी कंबर धरते. पहाटे अंथरुणातून उठवत नाही, पण काम करू लागलं की दुखणं कमी होतं. झिजेचं दुखणं याच्या उलट असतं. तिथं काम केलं की वाढतं. कोणाची टाच दुखते, कोणाचा गुडघा सुजतो, कोणाचा डोळा वरचेवर लाल होतो. सगळे म्हणतात वात आहे. केशवरावांनी या लोकांना पदरचं भाडं देऊन नागपूरला नेलं आणि क्ष-किरणांचे फोटो काढले. कंबरेचं हाड आणि पाठीचा कणा जिथं मिळतात, तिथला सांधा पहिल्यांदा आतून सुजतो. सूज ओसरते तिथं हाड धरतं. मग एकेक मणका खालच्या मणक्याला जुळत वर जातो आणि शेवटी सगळी पाठ वेळूच्या काठीसारखी एकसंध होते.

"आणि हे रक्तात असावं असं मले वाटते," केशवराव म्हणाले. "एकतिसांपैकी नऊ जणांच्या घरात दुसरं कोणीतरी वाकलेलं होतं. म्हणून एका घराची तीन पिढ्यांची हकीकत दिली. नाव कोणाचंच दिलं नाही."

"'मोर्शी तालुका. संत्र्याचा बगीचा. बाप वाकलेला, त्याचा एक डोळा गेलेला. तीन भाऊ, मधला वाकलेला, धाकटा शहरात.' पंजाबरावाच्या मानसानं एवढं मले मराठीत सांगतलं." भगवंतरावांनी मासिकाला हात लावला नाही. "एवढं लिहिल्यावर नाव कायले लागते?"

 लिहिताना केशवरावांना वाटलं होतं की असली मासिकं विलायतेत वाचतात. पंजाबरावांचा पुतण्या मुंबईला डॉक्टरी शिकतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

"दादा, एक तुमी ऐका," ते जरा पुढं सरकले. "यात तुमच्या भल्याचीही एक गोष्ट आहे. म्या देवीदासभाऊच्या पाठीचे चार फोटो काढले. हाड कुठंच मोडलेलं नाई. तो मोटेवरून पडला नसता तरी वाकलाच असता. तुमचा काही दोष नव्हता."

 पंचवीस वर्षांपूर्वीच्या कार्तिकात मोट हाकायची पाळी भगवंतरावांची होती. ते मित्रांबरोबर कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले आणि जाताना मधल्या भावाला सांगून गेले, मोटेचा नाडा जुना झाला आहे, तेवढा बदल. नाडा बदलताना देवीदास विहिरीच्या काठावरून घसरून खालच्या कपारीवर आपटला. त्यानंतर दोन वर्षांत त्याची पाठ वाकली. वाटणीची गोष्ट निघाली तेव्हा भगवंतरावांनी विहिरीला लागून असलेला बगीचा न मागता देवीदासच्या नावे केला. स्वतः पुन्हा कधी जत्रेला गेले नाहीत. कोणी त्यांना बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती; देवीदास रोज समोरून जायचा.

"हे तुले कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्सं. आन् मले आज सांगून रायला." भगवंतराव उठले. "पंजाबराव दुपारी येतीन. त्याइच्यासमोर तुले सांगा लागते का देवीदास पडला म्हून वाकला. पुस्तकातलं घर दुसऱ्या कोनाचं."

"खोटं बोलू?"

"तू आमाले न इचारता खरं बोलला. आता इचारून खोटं बोल."

केशवराव मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. मैनाबाई पुरण वाटत होत्या. देवीदासची ही बायको, सहदेवची आई. शकुनची आई बाळंतपणात गेली तेव्हापासून शकुनला त्यांनीच वाढवलं. केशवरावांना पाहून त्यांनी पाटा सोडला नाही.

"वयनी, सहदेव कुठी हाय?"

"कायले पाह्यजे? अजून फोटो काढाचे हायत?"

केशवराव खाली बसले. मैनाबाईंनी वरवंटा दोनदा फिरवला आणि मग बोलू लागल्या. आवाज चढला नाही.

"तुमी औषध देतो म्हनून तुमच्या भावाले नेलं, भाऊजी. थे मोटारीत बसले तेव्हा मले म्हनत होते, केशव आपला हाय, काईतरी करन. तिथी उघडं करून लाकडाच्या फळीवर झोपवलं. वापस आले तं मी इचारलं, औषध काय देल्लं? तं म्हने फोटो काढले."

"यावर औषध नाई अजून, वयनी. असतं तर..."

"मंग नेलं काहून?"

त्या थांबल्या. त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच. सहदेव बावीस वर्षांचा होता. गेल्या उन्हाळ्यापासून तो सकाळी कुशीवर वळून, खाटेचा काठ धरून उठत होता. त्यांनी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. दिवाळीत केशवरावांनी पोराच्या छातीला फीत लावून त्याला श्वास घ्यायला सांगितलं, पण फितीवरचा आकडा जेमतेम हलला, आणि त्यांनी फीत गुंडाळून ठेवली. तेही मैनाबाईंनी दारातून पाहिलं होतं.

"सहदेवले हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे. पण सुरुवात आहे. त्याले माझ्यासंगं अकोल्याले येऊ द्या. कडक फळीवर झोपणं, सरळ राहायचा आणि श्वासाचा व्यायाम, रोज. पाठ जुळायची ती जुळन कदाचित, पण वाकडी जुळू देणार नाई. देवीदासभाऊच्या वेळी हे कोणाले माहीत नव्हतं."

"त्याचं लगन होऊन जाऊ द्या. मंग न्या."

"वयनी, तोवर दोन वर्षं जातीन."

"जातीन तं जातीन. डाक्टराच्या घरी फळीवर निजनाऱ्या पोराले पोरगी कोन देनार?" मैनाबाईंनी पुरणावर झाकण ठेवलं. "आयुष्यात मी कधी दादाजीइची बाजू घेतली नाई. घरी आलेल्या हर मानसाले मी सांगतलं का माझा नवरा यायनं मोटेवर पाठवला म्हून असा झाला. आज तुमीही थेच सांगा. शकुनसाठी सांगा, आन् माझ्या पोरासाठी सांगा."

दुपारी पंजाबराव आले. अकोल्याला त्यांची सरकी-कापसाची अडत होती, तिवशाकडं काळी शेती होती. माणूस साधा, बोलणं सरळ. त्यांनी गूळपाणी घेतलं, संत्र्याच्या भावाची चौकशी केली आणि मग तरटावरच्या मासिकाकडं बोट केलं.

"भगवंतराव, मी आडून बोलत नसतो. पोरगी आमाले पसंत हाय. पन माह्या पुतन्यानं हे वाचलं आन् त्याले वाटलं का हे तुमचंच घर हाय. त्याच्यात एक बावीस वर्साचा पोरगाही हाय म्हनते, ज्याले आता सुरू झालं. असन तं सांगा. नसन तं मी मुकाट्यानं जेवतो."

बैठकीत तिघे भाऊ बसले होते. देवीदास भिंतीशी, नेहमीच्या जागी. त्याची मान पुढं झुकून तशीच धरली होती. समोरच्या माणसाच्या छातीच्या वर त्याला दिसत नसे. सहदेव दाराजवळ उभा होता. मैनाबाई आणि शकुन आतल्या दाराआड.

भगवंतराव म्हणाले, "घर आमचं नाई. माझ्या भावाची पाठ म्या मोडली. पाळी माझी होती. मी जत्रेले गेलो आन् याले विहिरीवर पाठवलं. नाडा सडका हाय हे मले ठाऊक होतं. हे मी आजवर कोनाजवळ बोललो नाई, इवाई. तुमाले सांगून रायलो."

दाराआड मैनाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. या माणसाच्या तोंडून हे ऐकायची त्यांनी पंचवीस वर्षं वाट पाहिली होती. सणावारी, दुखण्याखुपण्यात, शेताच्या वाटणीत, प्रत्येक वेळी वाटलं होतं की आज बोलतील. आज बोलले, चारचौघांत बोलले, आणि आता ते खरं नव्हतं हे मैनाबाईंना ठाऊक होतं.

पंजाबराव केशवरावांकडं वळले. "डाक्टर, तुमी सांगा."

"पडल्यानं असं होऊ शकतं," केशवराव म्हणाले.

"होऊ शकते, का झालं?"

केशवरावांनी देवीदासकडं पाहिलं. देवीदास जमिनीकडं पाहत होता; त्याला वर पाहताही येत नव्हतं. नागपूरच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी त्याच्या पाठीच्या फोटोची पहिली काच उजेडापुढं धरली, तेव्हाचा आपला आनंद केशवरावांना आठवला. भावाचा कणा पाहून त्यांना आनंद झाला होता. मणके इतके स्वच्छ जुळलेले, की कोणत्याही ग्रंथात छापावेत.

"झालं," ते म्हणाले.

"आन् हे पुस्तकातलं?"

"ते दुसरं घर आहे. तालुक्यातलंच, पण वरुडकडचं."

पंजाबरावांनी मोठा श्वास सोडला आणि ते हसले. माणसं सैल झाली. शकुनला बोलावून कुंकू लावलं, साडी-नारळ ओटीत घातलं. शकुन खाली मान घालून सगळ्यांच्या पाया पडली. पंजाबराव खुशीत आले होते, आणि खुशीत त्यांना आणखी एक सुचलं.

"देवीदासराव, तुमचा पोरगा बिनलगनाचा हाय ना? माह्या भावाची पोरगी हाय, कौशल्या. सतरावं लागलं. बाप नाई तिले, तिचं मलेच करा लागते. एकाच मांडवात दोनी उरकू. काय म्हनता?"

 आतून मैनाबाईंचा आवाज आला. थोरल्या दिरासमोर आणि पाहुण्यासमोर त्या कधी बोलत नसत. "आमाले पसंत हाय."

केशवरावांनी तोंड उघडलं. भगवंतरावांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, आणि त्यांनी ते मिटलं.

सहदेवनं हे दोन्ही पाहिलं. त्याला तीन महिन्यांपासून आपला रोग ठाऊक होता. काकांनी त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. शकुनसाठी सगळे खोटं बोलत होते तोवर तो गप्प होता. शकुनची पाठ चांगली होती, तिला कधी काही झालं नव्हतं. त्यानं मनाशी म्हटलं होतं की यानं कोणाचं वाईट होत नाही. पण आता बाप नसलेल्या एका पोरीचं नाव निघालं होतं. तिच्या वतीनं या खोलीत विचारणारा एकच माणूस होता, आणि तो आत्ताच फसला होता.

"पंजाबरावकाका," तो म्हणाला, "त्या पुस्तकात बावीस वर्साचा पोरगा हाय ना? थो मी हाव."



"मले सकाळी वाकून धोतर नेसता येत नाई. आजा तसाच होता, बाप तसाच हाय. शकुनले काई नाई, हे मी शपथेवर सांगतो. तिचं तुमी ठरवा. पन तुमच्या पुतनीले मले देऊ नोका."

 पंजाबरावांनी पागोटं उचललं.

"तुले मी दोष देत नाई, बाबू," ते उठत म्हणाले. "तुझ्यासारखा पोरगा मले जवाई म्हून पाह्यजे होता." दारात जाऊन ते वळले. "भगवंतराव, तुमी खरं सांगतलं असतं तं मी घरी जाऊन इचार केला असता. कदाचित हौ म्हटलं असतं. आता नाई म्हनत."

साडी-नारळ शकुनच्या ओटीतच राहिलं. ते त्यांनी परत मागितलं नाही.

वीस माणसांचा स्वयंपाक झाला होता. पाहुण्यांसोबत आलेले गाडीवानही न जेवता गेले. मैनाबाई बाहेर आल्या आणि सहदेवपुढं उभ्या राहिल्या.

"शकुनचं घर तू मोडलं," त्या म्हणाल्या. "लहान असतानी माझ्या एका मांडीवर थे, एका मांडीवर तू. तिचं घर तू मोडलं."

"बाई, राहू दे," मागून शकुन म्हणाली. कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं. ती केशवरावांकडं गेली. "काकाजी, मले होईन काय?"

"माहीत नाई, शकुन. बायकांत कमी दिसते. दिसलं तरी सौम्य असते."

"आन् माह्या लेकराइले?"

"तेही माहीत नाई. तेच शोधून रायलो होतो."

"मंग मलेही न्या अकोल्याले. काढा फोटो," शकुन म्हणाली. "पन यावेळी छापाच्या आधी मले दाखवजा. मी वाचन. इंग्रजी येत नसन तं तुमी बसून सांगजा."

केशवरावांनी मान डोलावली. त्यांना तिच्याकडं पाहवलं नाही.

सहदेव आणि शकुन दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं त्यांच्यासोबत जाणार हे तिथंच ठरलं. भगवंतरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मैनाबाईंनी पोराचं गाठोडं बांधलं, पण त्याच्याशी त्या बोलल्या नाहीत. पुढं दीड वर्ष बोलल्या नाहीत.

उन्हं कलल्यावर भगवंतराव बगीच्यात गेले. देवीदास बांधावर बसला होता. तोडणीच्या बाया घरी गेल्या होत्या. झाडाखाली संत्र्यांची डाली भरून ठेवली होती. भगवंतरावांच्या मनात दिवसभर एकच गोष्ट फिरत होती. घर बदनाम झालं होतं, पोरीची सोयरीक मोडली होती, आणि तरी त्या सगळ्याखाली कुठंतरी हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची त्यांना लाज वाटत होती, आणि ते कोणालातरी सांगायचंही होतं.

"देवीदास," ते म्हणाले, "केशव म्हनते तू पडला म्हून वाकला नाई."

"हौ."

"तुले ऐकून आश्चर्य नाई वाटलं?"

देवीदासनं बांधावरचं एक सुकलेलं पान उचललं. "माझी कंबर त्याच्याआधी दोन वर्सांपासून दुखत होती, दादा. पडलो त्या दिवशी सकाळी मले उठताच येत नव्हतं. म्हून तं पाय घसरला."

भगवंतरावांना आधी ते नीट समजलं नाही. मग समजलं.

"केशवनं तुले इचारलं असन, कधीपासून दुखते."

"इचारलं. पडल्यापासून म्हून सांगतलं."

"मैनाबाईले ठाऊक हाय?"

"कोनालेच नाई."

"मले काहून नाई सांगतलं?" भगवंतरावांनी विचारलं. "पंचवीस वर्सं, देवीदास. मी जेवताना तुह्याकडं पाहू शकत नव्हतो."

देवीदास विचार करत होता. खोटं बोलायची आता गरज उरली नव्हती, म्हणून तो नीट आठवून बोलला.

"आधी भेव वाटलं. बापासारखं आपल्यालेही झालं म्हटलं तं मैनाच्या बापानं तिले वापस नेलं असतं. मंग तू बरा वागाले लागला. त्याच्याआधी तू मले कधी जेवला का म्हून इचारलं नव्हतं, दादा. दादासारखा तू त्याच्यानंतरच झाला."

देवीदासशी बोलायचं असलं की भगवंतराव नेहमी त्याच्यापुढं खाली बसत, त्याला आपलं तोंड दिसावं म्हणून. आज ते उभे होते. देवीदासला त्यांचे जोडे दिसत होते, आणि धोतराचा धुळीनं भरलेला काठ. ते काहीतरी बोलतील म्हणून तो थांबला. बऱ्याच वेळानं जोडे वळले आणि घराकडं चालू लागले.

देवीदासनं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. दिवसभर बसून पाठ धरली होती. त्याला उठवायला रोज कोणीतरी असायचं.